पक्ष्यांच्या वतीने चार शब्द

जंगल, गड, तलाव किंवा माळरान पाहायला आलेल्या माणसाने तिथल्या जिवांना त्रास होणार नाही असे वागावे, यासाठी दोन मार्ग वापरले जातात. एक नियमांचा: फलक, तिकीट, पहारेकरी, दंड. दुसरा बोलण्याचा: समोरचा माणूस समंजस आहे असे धरून त्या जागेचे दुखणे त्याच्या कानावर घालण्याचा. पहिल्या मार्गाची चर्चा खूप होते. दुसऱ्याकडे अजून स्वभावाचा भाग म्हणून पाहिले जाते; ज्याच्या जिभेवर साखर त्याने बोलावे, इतकेच. वास्तविक हे शिकता येणारे कौशल्य आहे आणि त्यामागे पन्नास-साठ वर्षांचा अभ्यास आहे. जिथे कुंपण घालता येत नाही तिथे तर त्याच्यावाचून गत्यंतर नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्याला लागून पसरलेला नाथसागर ही अशीच एक जागा.

पैठणजवळ गोदावरीवर उभ्या राहिलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे असलेल्या या धरणामागे जो जलाशय तयार झाला, तोच नाथसागर. भरला की तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीच्या जागी २७ किलोमीटरपर्यंत पसरतो. १९८६ साली इथे जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सुमारे ३४१ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याचा काही भाग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि काही अहिल्यानगर जिल्ह्यात येतो.

पसारा एवढा मोठा, पण पाणी बहुतेक ठिकाणी उथळ. पक्ष्यांची गर्दी होण्याचे खरे कारण हेच. पावसाळ्यात भरलेले पाणी हिवाळ्यापासून सिंचनासाठी आणि पिण्यासाठी सुटू लागले की काठ मागे सरकतो आणि मैलोगणती ओला गाळ उघडा पडतो. या गाळपेर जमिनीवर काठची माणसे पिके घेतात आणि त्याच गाळात पक्ष्यांना किडे, शंख-शिंपले, कोवळे गवत, पाणवनस्पतींचे कंद मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, करकोचे असे दूरचे पाहुणे उतरू लागतात. काही वर्षी रोहित पक्ष्यांचे मोठे थवे दिसतात. चित्रबलाक, मोर शराटी, शेकाट्या, वारकरी, हळदी-कुंकू बदके आणि नदी सुरय हीसुद्धा इथली नेहमीची मंडळी.

या काठाला दार नाही. शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतल्या गावांतून निघालेल्या किती तरी गाडीवाटा थेट पाण्यापर्यंत जातात. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली, चारचाक्या, कॅमेरे आणि जेवणाचे डबे घेऊन माणसे त्याच वाटांनी येतात. प्रत्येक वाटेवर वनरक्षक उभा करणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. त्यामुळे इथे पक्ष्यांचे काय होणार हे बऱ्याच अंशी येणाऱ्या माणसाच्या मनावर अवलंबून आहे, आणि त्या मनापर्यंत पोचण्याची वाट बोलण्यातून जाते.

बोलणाऱ्याला आधी हे ठाऊक हवे की त्रास नेमका कशाने होतो. ‘निसर्गाची हानी’ असे मोघम म्हणून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. पट्टकादंबांचे उदाहरण घ्यावे. हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाख अशा उंच थंड प्रदेशांत वीण करतात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत येतात. अंगावर बसवलेल्या यंत्रांनी त्यांचे उड्डाण सात हजार मीटरहून अधिक उंचीवर नोंदवले आहे. मार्चच्या सुमारास परतीला निघण्याआधी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते, कारण त्या प्रवासाचे इंधन तेच. गाळावर चरणाऱ्या थव्यापर्यंत मोटारसायकल नेली की थवा उडतो. जमिनीवरून पंख मारीत उठणे हे पक्ष्याचे सर्वांत जास्त शक्ती खाणारे काम. शिवाय चरण्याचा वेळ जातो, तो वेगळाच. असे दिवसातून अनेकदा झाले, तर हिशेब तोट्यात जातो.

थवा एकाएकी उडत नाही, आधी सूचना देतो. चरणारे पक्षी माना वर करतात. मग सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. चरणे थांबते. काही पक्षी पाण्याच्या बाजूला चालू लागतात. त्यानंतर उड्डाण. हे टप्पे ओळखायला फारसा वेळ लागत नाही, आणि एकदा ओळखता आले की माणूस आपणहून दुसऱ्या टप्प्यालाच पाय थांबवतो. काठावर येणाऱ्याला सांगण्याजोगी एकच गोष्ट निवडायची, तर ही निवडावी. अंतराचा नियम पाठ करण्यापेक्षा मान पाहायला शिकणे सोपे, आणि त्यात आनंदही अधिक.

उन्हाळ्यातली गोष्ट याहून नाजूक. पाणी ओसरले की जलाशयातली बेटे आणि वाळूचे पट्टे वर येतात. नदी सुरय तिथेच अंडी घालते. काड्यांचे घरटे नसते. वाळूत उथळ खळगा आणि त्यात दगडगोट्यांच्या रंगाची दोन-तीन अंडी. टिटवीचीही तीच तऱ्हा. एप्रिल-मेमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज जास्त असते. पक्षीण अंड्यांवर सावली धरून बसते आणि मधूनमधून पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते. माणूस जवळ आला की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालीत ओरडते, आणि तेवढा वेळ अंडी तापलेल्या वाळूवर उघडी पडतात. पाणी आणखी कमी झाले की काही बेटे काठाला जोडली जातात. मग मोकाट कुत्री आणि हौशी माणसे दोघांनाही तिथे पायी जाता येते. सेल्फीसाठी पंधरा-वीस मिनिटे बेटावर उभ्या राहिलेल्या माणसाने काहीही तोडलेले नसते, फेकलेले नसते, चिरडलेलेही नसते, तरी त्याच्या तिथे असण्यानेच पिल्ले अंड्यातच मरू शकतात.

हे सारे त्या माणसाला दिसत नाही. त्याला सुंदर पाणी दिसते आणि कलकलाट करणारा पक्षी दिसतो. मुलाने थव्याकडे दगड भिरकावला तर त्यामागे दुष्टपणा नसतो. उडणारा थवा देखणा दिसतो, म्हणून तो उडावासा वाटतो. आठवडाभर दुकानात, कचेरीत किंवा शेतात राबलेले कुटुंब रविवारी चार तास मोकळ्या हवेत आलेले असते. आपलेपणाने बोलायचे म्हणजे इथून सुरुवात करायची: आलेला माणूस या जागेच्या ओढीने आलेला आहे, हे मनापासून मान्य करायचे. हे मान्य नसेल तर पुढचे गोड शब्द नाटकी वाटतात आणि समोरच्याला ते लगेच कळते.

फलकांचे यश मर्यादित का, याचे उत्तर मानसशास्त्रात मिळते. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले की आपल्या मोकळेपणावर कोणी गदा आणते आहे असे वाटले, की माणूस तो मोकळेपणा परत मिळवायला धडपडतो. प्रसंगी मुद्दाम उलट वागतो. ‘सक्त मनाई’, ‘कडक कारवाई’ असे शब्द धाकापेक्षा चीड जास्त निर्माण करतात, विशेषतः जिथे कारवाई करणारा कोणी दिसत नाही तिथे.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात दगड बनलेल्या प्राचीन झाडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळे फलक लावून पाहिले. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची अवस्था बदलली आहे’ अशा अर्थाचा फलक होता तेव्हा शंभरातले सुमारे ८ तुकडे चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशी साधी विनंती होती तेव्हा हे प्रमाण २ पेक्षाही कमी राहिले. सगळेच नेतात हे वाचले, की नेण्यात काही विशेष नाही असा संदेश जातो. आपल्याकडचे किती तरी फलक, भाषणे आणि बातम्या नेमके हेच करतात. ‘पर्यटक सर्रास कचरा टाकतात’ असे कळकळीने सांगणारा माणूस नकळत कचरा टाकणाऱ्याला सोबती मिळवून देतो. नाथसागराच्या काठावरच्या फलकावर याऐवजी असे लिहिता येईल: ‘समोरच्या गाळात हंस चरत आहेत. त्यांनी मान वर केली की आपण थांबावे. बाभळीच्या सावलीत बसल्यास ते स्वतःहून जवळ येतात.’ तीन वाक्ये, त्यांत एकही धमकी नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती करण्याजोगे काहीतरी आहे.

फलकापेक्षा माणूस बरा. माणसाने कसे बोलावे याची एक पद्धत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठातले जॉर्ज वॉलेस यांनी १९९० साली मांडली. जंगलखात्याचा माणूस साधारणपणे आपल्या अधिकाराच्या जोरावर बोलतो: मी सांगतो, नियम आहे, म्हणून ऐका. वॉलेस यांचे म्हणणे असे की तो अधिकार गणवेशाकडून काढून त्या जागेला द्यावा. हंसाला शांतता लागते, ही गोष्ट कोणत्याही राजपत्राच्या आधीपासून खरी आहे. नियम तिच्यातून निघाला आहे. तीच समोर ठेवली की वाद दोन माणसांत उरत नाही, दोघे मिळून तिसऱ्याकडे पाहू लागतात. म्हणून वॉलेस समोरासमोर उभे राहण्यापेक्षा खांद्याला खांदा लावून उभे राहायला सांगतात. आधी सहज ओळख, मग जे दिसते आहे त्याचे दोषारोप न करता वर्णन, मग त्याचा परिणाम काय होतो ते, आणि शेवटी स्वतःला काय वाटते आणि काय करता येईल ते.

शेवगावकडच्या काठावर हे कसे दिसेल? समजा, दोन तरुण मोटारसायकल गाळात उतरवून थव्याच्या दिशेने निघाले आहेत आणि जवळच एक वयस्कर मासेमार जाळे आवरतो आहे. लांबून शिट्टी मारून ‘ए, चला मागं’ असे तो ओरडू शकतो. किंवा चालत जवळ जाऊन, त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणू शकतो: “राम राम. कुठून आलात?” “नगरहून, मामा.” “बरं केलं. आज कादंब लई जवळ उतरल्यात. ते बघा, मघाशी सगळ्यांच्या माना खाली होत्या, आता वर केल्यात. आपली गाडी दिसली त्यांना. अजून जरा पुढं गेलो की उठत्यात. भरल्या ताटावरनं उठवल्यावानी होतंय. मला नाही बघवत. गाडी हितंच लावा अन् त्या बाभळीमागं बसा घटकाभर. ऊन पाठीवर येतंय, फोटूबी चांगला येईल.”

यात ‘करू नका’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत. चूक तरुणांच्या स्वभावात न शोधता ती गाडीच्या जागेपुरती ठेवली आहे. पक्ष्यांच्या माना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्या, म्हणजे पुरावाही तिथेच मिळाला. शिवाय सुचवलेली जागा त्यांच्या फायद्याची आहे: लपून बसलेल्याला पक्षी अधिक जवळून दिसतो, हे कोणताही छायाचित्रकार मान्य करील. पाहुण्याचे हित आणि पक्ष्याचे हित जिथे एक होते तो मुद्दा शोधून काढणे, हे या बोलण्यातले खरे कसब आहे.

बोलण्याआधी विचारणेही आले. गाडी गाळात गेली ती रस्ता चुकल्यामुळे असेल. मोठ्याने लावलेले गाणे एखाद्या मुलाच्या वाढदिवसाचे असेल. कारण कळले की उपायही जवळ सापडतो: दुसरी वाट दाखवता येते, आवाज कमी करून पाण्यापासून जरा लांब बसायची जागा सुचवता येते. चारचौघांत, त्यातून बायकामुलांदेखत पाणउतारा झालेला माणूस कधीच ऐकत नाही; त्याची सगळी शक्ती स्वतःची बाजू सावरण्यात जाते. म्हणून गटातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला किंवा ताईला बाजूला घेऊन बोलावे. ‘शहरातल्या लोकांना काही कळत नाही’, ‘लाज वाटत नाही का’ ही वाक्ये जिभेवर येतात, पण त्यांनी आजवर एकही घरटे वाचलेले नाही. मोबाइलवर चित्रण करून गावभर फिरवणे हा तर सूड झाला.

अतिशयोक्तीही टाळावी. ‘तुमच्यामुळे पक्षी कायमचे निघून जातील’ असे सांगितले आणि तासाभरात थवा परत उतरला, तर सांगणाऱ्याचा शब्द गेला. जे डोळ्यांना दिसते आणि जे पक्के ठाऊक आहे तेवढेच बोलावे. तेवढेच पुरेसे असते. छायाचित्रकारांशी बोलताना हे अधिकच लागू. त्यांतल्या अनेकांना पक्ष्यांची नावे, सवयी, ऋतू यांची उत्तम जाण असते. त्यांना उपदेश नको, सहकार्याची विनंती हवी: घरट्याचे छायाचित्र टाकताना नेमके ठिकाण देऊ नये, विणीच्या बेटांवर ड्रोन नेऊ नये. मुलांना याच्या उलट भरपूर सांगावे. दुर्बीण हातात दिली आणि ‘वारकरी किती वेळ बुडी मारतो ते मोज’ असे काम दिले की दगड आपोआप खाली पडतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, याच प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी काजवे चमकतात. काजव्याचा प्रकाश ही जोडीदारासाठीची खूण आहे. नर उडता उडता चमकतो, मादी खालून उत्तर देते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या झोतात ही खूण हरवते, आणि गवतात शिरलेल्या पायांखाली माद्या सापडू शकतात. भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांसाठी मोठी गर्दी होऊ लागल्यावर वनखात्याला प्रवेशाच्या वेळा आणि वाहनांवर निर्बंध आणावे लागले. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावात गावकरीच पाहुण्यांचे यजमान आणि वाटाडे होतात. वाटाड्याच्या हाती एक चांगला मुद्दा असतो: माणसाच्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीसेक मिनिटे लागतात. विजेरी विझवून तेवढे थांबले तर काजवे कितीतरी अधिक दिसतात. पुन्हा लावली की ती वीस मिनिटे फुकट गेली. हे कळलेला पाहुणा पुढे शेजाऱ्यालाही दिवा विझवायला सांगतो.

नाथसागराच्या काठावर हे काम कोणी करायचे? वनखात्याचे कर्मचारी आणि पक्षीमित्र आहेतच, पण रोज पहाटे पाण्यावर असतो तो मासेमार आणि हिवाळाभर गाळपेरीत असतो तो शेतकरी. त्यांच्या तोंडून आलेल्या शब्दाला फलकापेक्षा वजन असते, कारण ती माणसे त्या जागेची आहेत. मात्र त्यांच्याकडून हे मागताना त्यांचेही ऐकून घ्यावे लागेल. धरणाच्या पाण्याखाली याच भागातली गावे आणि काळ्या रानाच्या जमिनी गेल्या. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला की नुकसान शेतकऱ्याचे होते. अभयारण्याच्या नियमांची झळही आधी काठालाच लागते. हे दुखणे न ऐकता त्यांना पक्ष्यांचे महत्त्व सांगायला जाणे म्हणजे पाहुण्यासाठी राखलेला समजूतदारपणा यजमानाला नाकारणे होय. ज्याचे ऐकले गेले आहे असाच माणूस दुसऱ्याशी शांतपणे बोलू शकतो. वाटाडेपणाचे, नावेच्या फेरीचे किंवा न्याहारीचे चार पैसे त्याला रीतसर मिळाले, तर थवा टिकण्यात त्याचाही वाटा राहतो.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी असते आणि त्या दिवसांत पैठणच्या वाटांवर दिंड्या चालत असतात. नेमका तोच काळ परतीच्या पक्ष्यांच्या शेवटच्या मुक्कामाचा. मुक्कामाच्या गावी कीर्तनात किंवा पंगतीच्या वेळी गावातल्याच एखाद्याने पाण्यावरच्या पाखरांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे पेले टाकायची जागा दाखवली, तर ते ऐकणारे कान तिथे आधीच तयार असतात. काठावरच्या शाळांनाही हीच संधी आहे. आपल्या गावच्या पाण्यावर कोण येते हे ठाऊक असलेली मुले घरी आलेल्या पाहुण्यांना काठ दाखवायला नेतात तेव्हा बोलण्याचे काम तीच करतात.

सगळेच बोलण्याने ऐकतात असे नाही. दारू पिऊन आलेला गट, जाळी लावून पाखरे धरणारा किंवा अंडी गोळा करणारा यांच्यापुढे एकट्याने समजूत घालायला जाऊ नये. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. या कायद्याच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणे, किंवा अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे हीसुद्धा शिकारच ठरते, आणि अभयारण्यात वन्यप्राण्यांना सतावणे व कचरा टाकणे यांना मनाई आहे. अशा वेळी सुरक्षित अंतरावरून वेळ, जागा आणि वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.